पाणी न्हाय म्हणायची सवय

चिंचोलवाडी, पोस्ट मुरुम
ता. १४ फेब्रुवारी १९८३

चि. मच्छिंद्रास आक्का सरुबाईचा जयभीम.

तू पुण्याला पोचल्याचं कार्ड मिळालं. तुझ्या दाजींनी वाचून दाखवलं, मग म्या पुन्हा वाचलं, कारण ते मधलं मधलं गाळून वाचत्यात. माझी शाळा चौथीला सुटली, पुढची तुझ्या वाट्याला दिली. तवा माझ्या लिहिण्यात चुका काढत बसू नको.

तुमची सभा झाली, चांगली झाली म्हणायची. सोसायटीच्या वट्ट्यावर तुझा तो राघवेंद्र साहेब खुर्चीवर, चेअरमन महांतप्पा खुर्चीवर, ऊसवाला शंकरप्पा खुर्चीवर. तू उभा. आमी वस्तीतल्या बाया भिंतीच्या कडंला. वस्तीतनं चहा करून आणला तर साहेबानं तोंड लावलं न्हाय. तू म्हणालास तो चहाच पीत न्हाय. असंल.

भिंतीवर कागद टांगून तू गावाचा नकाशा काढलास, सगळा चौकोन चौकोन. कुणाची विहीर कुठं, पाणी कधीपर्यंत ऱ्हातं, मोटार किती चालती, ते लोकांनी सांगायचं आणि क्लार्कनं लिहायचं. पाण्याचं कुणी आमाला विचारायला आलं, ते बी आपल्याच घरातलं, म्हणून वस्ती खूश हाय. आपल्या आडाचं विचारलंस तवा सगळ्या बायांनी एका सुरात सांगितलं, संक्रांतीला आटतो. तू होस्टेलात असताना वस्तीनं हातानं खणलेला तो आड, तुला त्येचं काय मालूम असणार. तिकडं बघायला आला न्हायसा ते बरं झालं. फळी टाकून वर बाभळीचं काटं रचल्यात, साहेबाची पॅन्ट फाटली असती.

आता माझं ऐक. सांगायचं काम आमी केलं. वस्तीला मोठी विहीर पायजे, आडाच्या शेजारी ओढ्याकडंच्या पडीक जागंत. सोसायटीनं ठराव केलाय, पण वरचे म्हणत्यात पुण्याचा कागद आल्याबिगर मंजूर न्हाय. शंकरप्पाच्या विहिरीवर घागर ठेवायची आणि त्येच्या गड्याला सवड हुईपर्यंत उन्हात उभं ऱ्हायचं, हे माझ्या सासूनं केलं, म्या केलं. सुनंनं बी करायचं का? लवकर कागद पाठव.

तुझी
आक्का सरु

&nbsp;

पुणे
ता. ९ मार्च १९८३

ती. आक्का आणि दाजींना सप्रेम जयभीम.

आक्का, कागद लवकर पाठवणं माझ्या हातात नाही, पण काम सुरू आहे. काय करतो ते सांगतो. बेन्नीतुरा नदीच्या सगळ्या खोऱ्याचे आम्ही चौकोन पाडलेत. प्रत्येक चौकोनात पाऊस किती मुरतो, खडक किती धरतो, मोटारी किती ओढतात, हे आकडे भरायचे आणि कॉम्प्युटरला विचारायचं, की इथं अजून एक विहीर खणली तर पाणी टिकेल का. याला मॉडेल म्हणतात. खऱ्या खोऱ्याचं गणितातलं खोरं.

गावकऱ्यांना यात कधी घ्यायचं, यावरून आमच्या ऑफिसात रोज वाद. काही जण म्हणतात, गावकऱ्यांना शेवटी बोलवा, निघालेला निष्कर्ष समजावून सांगा, म्हणजे तक्रारी येत नाहीत. काही म्हणतात, जिथं आपली मोजमापं नाहीत तेवढं त्यांच्याकडून घ्या आणि निरोप द्या. राघवेंद्र सर म्हणतात, ऐका सगळ्यांचं, पण माणसाचं बोलणं गणितात घालू नका. मी एकट्यानं उलट सांगितलं. ज्यांचं पाणी आहे त्यांना पहिल्यापासून बसवा, काय विचारायचं हे ठरवतानाही. तास दोन तास वाजलं आमचं. शेवटी सर म्हणाले, ठीक आहे मच्छिंद्र, तुझी जबाबदारी.

तेव्हा आक्का, तुम्ही सांगितलेलं सगळं मॉडेलात आहे. मोजलेली विहीर तुमच्याकडं एकच, सोसायटीच्या गोदामामागची सरकारी, नुसती पातळी मोजायची. बाकीचे चौकोन तुमच्या शब्दावर भरले. आपला आड संक्रांतीला आटतो, हेही. माझ्या नोकरीत मला याच गोष्टीचं सगळ्यात बरं वाटतंय.

दाजींच्या गुडघ्याला तेल लावता ना?

तुझा
मच्छिंद्र

&nbsp;

चिंचोलवाडी
ता. ३ एप्रिल १९८३

चि. मच्छिंद्रास जयभीम.

पत्र मिळालं. लग्नाच्या पंगतीत पाव्हण्याला कुठं बसवायचं म्हणून घरची माणसं भांडत्यात, तसं तुमचं चाललंय. पयल्या पंगतीला बसवा, शेवटच्या पंगतीला बसवा, नुसतं पान वाढून द्या. ताटात काय वाढणार ते कुणी सांगंना. शेवटच्या पंगतीचं आमाला तू सांगायला नको.

पण आमचं बोलणं कागदावर गेलं ते झ्याक केलंस. वस्तीला पाणी न्हाय असं पुण्याच्या यंत्रानं म्हणलं की विहीर आपलीच. विठाबाई तर जागा झाडून आली.

शंकरप्पा सभेत म्हणाला मोटार सकाळच्या पारी घटकाभर चालती. तवा तुला हसू कसं आवरलं? दिवसभर ऊस पितोय त्येचा. त्येनं कमी सांगितलं, महांतप्पानं कमी सांगितलं. सगळ्यांनी सांगितलं तसंच.

ऊन लई हाय. टँकर एक दिवसाआड येतो, त्येच्यामागं पळून पळून जीव बेजार झाला. ड्रायव्हर बी कुणाचा जावई असल्यावानी बोलतो. जास्त लिहीत न्हाय.

आक्का

&nbsp;

पुणे
ता. २० मे १९८३

ती. आक्कास जयभीम.

तुझं पत्र आल्यापासून एक वाक्य डोक्यातून जात नाही. ‘सगळ्यांनी सांगितलं तसंच.’ तसंच म्हणजे कसं?

मॉडेलाचं उत्तर आलं आहे. ते तुला आवडणार नाही. ओढ्याकडच्या चौकोनात पाणी नाही, खडक कोरडा, तिथं विहीर खणणं म्हणजे पैसा मातीत. शंकरप्पाच्या बाजूलाही तसंच, मोटार घटकाभरच चालते म्हणजे पाणी थोडं असं धरलं. चिंचोलवाडीची विहीर सुचवली आहे सोसायटीच्या गोदामामागं, कारण तिथंच पाणी दिसतंय. जिथं कुणाला विचारलं नव्हतं, तिथंच.

गोदामामागं म्हणजे महांतप्पाच्या गोठ्याला लागून. वस्तीपासून शंकरप्पाच्या विहिरीपेक्षाही लांब. तिथं घागर घेऊन गेल्यावर काय होईल हे मला माहीत आहे.

आक्का, दाजींना न विचारता, विठाबाईला न विचारता, तू एकटीनं मला सांग. आड खरंच संक्रांतीला आटतो का?

मच्छिंद्र

&nbsp;

चिंचोलवाडी
ता. २७ मे १९८३

मच्छिंद्र,

न्हाय आटत.

आता ऐकून घे. बाहत्तरच्या दुष्काळात तू औरंगाबादला होतास. आमी खडी फोडत व्हतो. कचेरीतनं माणूस यायचा, पाणी हाय का विचारायचा. जी वस्ती हाय म्हणली तिचा टँकर बंद. पलीकडच्या वाडीतली बनाबाई खरं बोलली, घोटभर हाय म्हणाली, तर त्येंच्या विहिरीवर दुसऱ्या दोन गावांची माणसं सोडली आणि आठवड्यात तळ दिसला. तवापासनं आमी आडावर फळी टाकतो, काटं रचतो आणि न्हाय म्हणतो. पाणी न्हाय म्हणल्यावर पाणी देत्यात, हे आमाला सरकारनंच शिकवलं. पाणी न्हाय म्हणल्यावर तिथं पाणी देऊच नका म्हणणारा माणूस ह्या जन्मात पयल्यांदा भेटला, आणि तो माझा भाऊ निघाला.

आडाला बारा महिने पाणी हाय. तळाला खडकात भेग हाय, तिथनं पाझरतं. पण आड पडला निरुंद, एका टायमाला एक पोहरा. धा-बारा पोहरं काढलं की थांबायचं, पुन्हा भरंस्तवर. म्हणून तर तिथं मोठी विहीर मागतोय. कोरड्या जागी विहीर मागायला आमी खुळे हाय का?

तू म्हणशील मला तरी सांगायचं. कसं सांगू? क्लार्क लिहितोय, महांतप्पा ऐकतोय, तुझा साहेब बघतोय. तू त्या दिवशी माझा भाऊ नव्हतास, कचेरीचा माणूस व्हतास. कचेरीच्या माणसाला कचेरीचं उत्तर दिलं. त्याच दिवशी माझ्या घरात बसून भाकरी खाल्लीस, तवा विचारलं असतंस तर चुलीपुढं खरं सांगितलं असतं. खरं तिथं मिळतं. तू सभेतच घेऊन मोकळा झालास.

आता दुरुस्त कर. एक आकडा खोडायचा, दुसरा लिहायचा. त्येला किती येळ लागतो?

आक्का

&nbsp;

पुणे
ता. ३० जून १९८३

ती. आक्कास जयभीम.

उत्तराला उशीर झाला. तब्येत ठीक नव्हती, आणि लिहायचं काय तेही सुचत नव्हतं.

एक आकडा खोडणं एवढं सोपं नाही. अहवाल बांधून वर गेला आहे. आणि आक्का, दुसरीही अडचण आहे. खोऱ्यातल्या सगळ्या गावांत मी लोकांचा शब्द गणितात घातला. आपल्याच वस्तीनं खोटं सांगितलं म्हटलं, की सर म्हणतील, मी काय सांगत होतो? मग सगळ्याच गावांचं सांगणं केराच्या टोपलीत. पुढच्या वेळी गावात सभासुद्धा होणार नाही. ज्यासाठी मी भांडलो तेच बुडेल.

वरिष्ठांच्या कानावर घालायचा प्रयत्न चालू आहे. पण वस्तीनं आपणहून, सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांनिशी लिहून दिलं की आडाला पाणी आहे, तर माझं काम सोपं होईल. एवढं बघ.

मी थकलो आहे आक्का. खरं तर तुला नुसतं तुझ्या तब्येतीचं विचारायला पत्र लिहायचं होतं.

मच्छिंद्र

&nbsp;

चिंचोलवाडी
ता. २७ जुलै १९८३

चि. मच्छिंद्रास जयभीम.

तब्येत बरी हाय. तुझी संपली असंल तर माझी घे.

पौर्णिमेला विहारात सगळी जमली तवा विषय काढला. म्हणलं, आडाला पाणी हाय असं लिहून द्यायचं. पयली विठाबाई उठली.

‘सरु, तुझा भाऊ पुण्यात नळाचं पाणी पितो. टँकर बंद झाला तर तो घागर घेऊन येणार का?’

म्या म्हणलं, ‘विहीर झाल्यावर टँकर कशाला लागतो?’

‘झाल्यावर. व्हय. तवर काय पिऊ, तुझं बोलणं?’

लोक हसले. दाजी बी हसले, घरी आल्यावर त्येंची भाकरी वाळलेली वाढली. मग म्हातारा आबाराव म्हणाला, ‘सरकारपुढं हाय म्हणू नये. हाय म्हणलं की जातंय.’ एकानं बी अंगठा दिला न्हाय.

मग घरी बसून तुझं पत्र पुन्हा वाचलं. वरिष्ठांच्या कानावर घालायचा प्रयत्न चालू हाय म्हणतोस. मच्छिंद्र, तुला लहानपणी मार चुकवायचा असला की तू असंच बोलायचास, प्रयत्न चालू हाय. तू साहेबाला एक शब्द बोलला न्हाईस. तू साहेबाला भितोस, वस्ती टँकरच्या माणसाला भिती. दोघं बी न्हाय म्हणून मोकळे.

तवा म्या तुझ्या साहेबाला पत्र टाकलं. राघवेंद्र साहेब, पुणे, आणि तुझ्या ऑफिसाचा पत्ता. आडाचं सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं की तुमी वस्तीचा चहा पिला न्हाय ते माझ्या ध्यानात हाय, पण विहिरीचं काम त्याहून मोठं हाय. राग आला तर येऊ दे. तुझ्यावर बी, माझ्यावर बी.

आक्का

&nbsp;

पुणे
ता. १० ऑगस्ट १९८३

श्रीमती सरुबाई यांस,
सादर नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. चहाचं आधी सांगतो. पोटात व्रण आहे, डॉक्टरांनी चहा बंद केला आहे. पण न पिण्याचं कारण त्या वेळी सांगायला हवं होतं. तुमच्या वस्तीत त्याचा अर्थ काय होतो हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

आता आडाचं. मी मच्छिंद्रला पहिल्यापासून म्हणत होतो की माणसांचं सांगणं गणितात घेऊ नकोस, त्यात चूक असते. तुमच्या पत्रानं माझं म्हणणं खरं ठरतं. पण मला त्याचा आनंद झालेला नाही. लोक चुकतात, एवढंच आम्ही धरून चालतो. सगळे एकाच बाजूला का चुकतात, हे आमच्यापैकी कुणी विचारत नाही. माझं घर तुळजापूरचं. बाहत्तरला आमच्या विहिरीवर झाकण घालून वडील दत्तोपंतांनी कुलूप लावलं होतं आणि मोजणीवाल्याला आटली म्हणून सांगितलं होतं. ते कुलूप मी रोज बघत होतो. ऑफिसात आल्यावर मात्र गावकऱ्यांचं बोलणं मला नुसती चूक वाटायला लागलं.

आम्ही लोकांना बोलावतो ते बहुधा आपलं काम पुरं व्हावं म्हणून. मच्छिंद्र त्यांना बरोबरीनं बसवायला निघाला, ते मला भाबडेपणाचं वाटलं. अजूनही थोडं वाटतं. पण उत्तर घेऊन आम्ही काय करणार आहोत, हे त्यानंही तुम्हाला सांगितलं नाही आणि मीही नाही.

मी स्वतः टेप घेऊन येतो. पावसाळ्यानंतर आणि मग संक्रांतीनंतर, अशी आडाची पातळी मोजू. मोजलेला आकडा मी अहवालात घालीन, ही माझी जबाबदारी. मात्र एक गोष्ट आधीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. आडाला पाणी आहे असं कागदावर आलं की टँकर बंद होईल. तो मी थांबवू शकत नाही. विहीर मंजूर होऊन खणायला वर्ष-दीड वर्ष जाईल. मधला उन्हाळा त्या अरुंद आडावर काढावा लागेल. वस्तीला हे नको असेल तर मला कळवा, मी येणार नाही आणि तुमचं पत्र कुणाला दाखवणार नाही.

मच्छिंद्रला रागावू नका. तुमचं पत्र मी त्याच्यापुढं ठेवलं तेव्हा त्यानं ते दोनदा वाचलं आणि नीट घडी घालून मला परत दिलं.

आपला
राघवेंद्र

&nbsp;

चिंचोलवाडी
ता. २६ मार्च १९८४

चि. मच्छिंद्रास जयभीम.

तुझं दिवाळीला येणं झालं न्हाय. लाज वाटली असंल. येत जा, लाज वाटली तरी घरी यायचं असतं.

तुझ्या साहेबाचं पत्र म्या विहारात मोठ्यानं वाचलं, एक अक्षर न गाळता. टँकरचं आलं तवा थांबले आणि पुन्हा वाचलं, म्हणजे नंतर कुणी ऐकलं न्हाय म्हणायला नको. मग आबाराव म्हणाला, ‘ह्यो माणूस तोटा आधी सांगतोय.’ विठाबाई म्हणाली, ‘तोटा सांगितला म्हणून तो कमी हुतो का?’ पण अंगठे पडले. तिनं दिला न्हाय. ती उठून गेली.

साहेब दोनदा आला. दुसऱ्या टायमाला संक्रांत होऊन गेली व्हती. काटं काढलं, फळी काढली, त्येनं टेप सोडली. पाणी लागल्याचा आवाज वरपर्यंत आला. आमाला तो ठाऊकच हाय, पण सगळी अशी गप झाली की पयल्यांदाच ऐकतोय. साहेबानं लिहिलं. मग म्हणाला, ह्येच पाणी द्या प्यायला. पिला. तिथं उभी व्हती विठाबाई, पण माझ्याकडं बघितलं न्हाय.

त्येच्या पुढच्या महिन्यात टँकर बंद.

आता आडाचं सांगते. पहाटंपासनं घागरींची रांग लागती. पोहरा खाली सोडला की निम्मा चिखल येतो. थांबायचं, पुन्हा सोडायचं. सुनंला कडंवरचं पोर घेऊन तिथंच बसावं लागतंय. भांडणं तर रोज. काल विठाबाईच्या नातीची घागर कुणीतरी रांगंतनं मागं सारली, तर विठाबाई माझं नाव घेऊन अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलली, की खरं बोलणारीला पयली घागर द्या. म्या माझी भरलेली घागर तिच्यापुढं ठेवली आणि घरी आले. दाजी म्हणाले, रिकामीच आलीस? म्हणलं, व्हय.

विहीर मंजूर न्हाय झाली तर मला ह्या वस्तीत तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाय. ते तू आणि तुझा साहेब ध्यानात ठेवा. त्येला वाटत असंल टेप सोडली म्हणजे काम झालं. आमचं तिथनं सुरू हुतंय.

आक्का

&nbsp;

पुणे
ता. १९ जून १९८४

ती. आक्का आणि दाजींना सप्रेम जयभीम.

विहीर मंजूर झाली. ओढ्याकडची पडीक जागा, आडाच्या शेजारी. मंजुरीची नक्कल सोसायटीकडं येईल, महांतप्पानं दाखवायला उशीर केला तर मला कळव.

सरांनी दुरुस्ती माझ्या नावानं घातली नाही, स्वतःच्या नावानं घातली. मला एवढंच म्हणाले, ‘तू लोकांना गणितात घेतलंस ते चूक नव्हतं. स्वतः कुठल्या खुर्चीवरून विचारतोयस ते विसरलास.’ मी उभा होतो, खुर्चीवर नव्हतो, असं सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

बाकीच्या गावांचं काय करायचं हा वाद अजून चालू आहे. कुणी म्हणतं सगळं पुन्हा मोजा, कुणी म्हणतं तेवढा निधी कुठं आहे. बरेच जण म्हणतात, झालं ते झालं, पुढं लोकांना शेवटीच बोलवावं. मी पूर्वीइतका भांडत नाही.

आक्का, तू रिकाम्या हातानं घरी आलीस, ते डोळ्यांपुढून जात नाही.

मच्छिंद्र

&nbsp;

चिंचोलवाडी
ता. १२ मे १९८५

चि. मच्छिंद्रास जयभीम.

बरेच दिवस पत्र न्हाय, कारण हातात पहार व्हती. वस्तीच खणतीय, मजुरी मिळती. वर मुरूम, मग काळा खडक, मग सुरुंग. पाऊस झाल्यावर काम बंद, मग पैसा आला न्हाय म्हणून बंद, मग महांतप्पाच्या भावाचं लग्न म्हणून बंद. माझं तर कंबरडं गेलं. आडाच्या रांगंत दुसरा उन्हाळा काढला. तो सांगत बसत न्हाय.

परवाचं सांगते, त्येच्यासाठी लिहायला बसले.

सकाळी खालनं ओरडा झाला. आडाला जी भेग हाय तीच इकडं आली व्हती, आडवी, हात जाईल एवढी. पाणी आलं. दुपारपर्यंत दाजी खाली गुडघाभर पाण्यात उभे, गुडघ्याचं दुखणं विसरून. बाया चिखलात माखलेल्या, पोरं वरनं पाटीत पाणी घेऊन एकमेकांच्या अंगावर टाकत्यात.

तेवढ्यात तालुक्याचा नवा ओव्हरसियर आला, सोमलिंग म्हणून हाय, सायकलवर. पॅड काढलं आणि लांबनंच विचारलं, ‘काय, पाणी लागलं का?’

मच्छिंद्र, सगळी वस्ती एका सुरात म्हणाली, ‘न्हाय साहेब.’

ओलं लुगडं पिळत बाया म्हणत्यात, न्हाय. आबाराव म्हणतोय, कुठलं पाणी. तुझे दाजी खालनं, गुडघाभर पाण्यातनं, तोंड वर करून म्हणत्यात, ‘नुसती ओल हाय जी.’ आणि माझं तोंड बी उघडलं व्हतं, खोटं कशाला बोलू. न्हाय म्हणायलाच उघडलं व्हतं. बाहत्तरपासनंची जीभ.

तो बिचारा लिहायला लागला. म्या त्येच्या पॅडवर हात ठेवला. चिखलाचा ठसा उमटला. म्हणलं, ‘आधी सांगा साहेब, हे लिहून काय करणार?’

तो म्हणाला, ‘पाणी लागलं असेल तर दगडी बांधकाम मंजूर करायचं. न्हाय लागलं तर काम बंद, दुसरी जागा बघायची. गोदामामागची जागा अजून यादीत हाय.’

वस्तीतल्या माणसांना हाय म्हणायचं म्हणजे दात काढून द्यायचा असल्यावानी वाटतंय. म्या बी थांबले. मनात म्हणलं, एकदा म्या बोलले, दोन उन्हाळे शिव्या खाल्ल्या, आता दुसरं कुणी बोलंल तर बरं.

विठाबाई पुढं झाली. वर्षभर माझ्याशी बोलली न्हाय ती. विहिरीत वाकून म्हणाली, ‘पिराजी, वर ये. साहेबाला पाय दाखव.’

दाजी वर आले. पाय गुडघ्यापर्यंत ओले, चिखलाचे. सोमलिंगनं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि आधीचं खोडून लिहिलं. मग विचारलं, ‘तुमी आधी न्हाय का म्हणला?’ विठाबाई म्हणाली, ‘सरुला विचारा. तिचा भाऊ पुण्यात त्येचाच अभ्यास करतो.’ सगळी हसली. म्या बी हसले. मग तिनं माझ्या हातातली घागर घेतली, पुढं जाऊन भरली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

तुझ्या साहेबाला सांग, पाणी लागलं. त्येच्या पोटाला सोसत असंल तर प्यायला ये म्हण.

तुझ्या त्या खोऱ्यातल्या बाकीच्या गावांत कुणी जाणार असंल तर एवढं सांगून पाठव, की विचारायच्या आधी आपण ऐकून काय करणार ते सांगा. मग चौकोन काढा न्हायतर गोल काढा.

आणि तू ये. दिवाळीला नको. दिवाळीला सगळ्याच विहिरींना पाणी असतं. उन्हाळ्यात ये.

आक्का सरु